लिंबाएवढं भोक

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी मांडणी आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी भारी भित्री आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सोलापुरात भवानी पेठेत चादरींचं एक दुकान आहे. त्याच्या मागच्या भिंतीला पाठ लावून मी बेचाळीस वर्षं उभी आहे. हल्लीची माणसं मला 'रॅक' म्हणतात. म्हणोत बापडी. दोन खांब, सात फळ्या आणि पायाशी दार असलेला एक खण, एवढंच माझं अंग. त्या अंगावर वरपासून खालपर्यंत सुती चादरी, टॉवेल आणि पंचे रचलेले असतात. आता तुम्हीच सांगा, जी स्वतः लाकडाची आहे आणि जिच्या अंगाखांद्यावर सगळा कापूस आहे, तिनं घाबरायचं नाही तर काय नाचायचं?

मला वाळवीची भीती वाटते, ओलीची वाटते, रस्त्यावरून जाणाऱ्या भंगारवाल्याच्या हाकेचीही वाटते. पण आगीचं कुणी नुसतं नाव काढलं तरी माझा जीव फळीफळीतून गोळा होतो. त्याला कारण आहे.

मांडणी होण्याआधी मी रेल्वेत होते. छोट्या गाडीच्या डब्यातलं बाक होते मी. एकदा एका प्रवाशानं पेटती विडी माझ्या कडेवर टेकवली आणि तो डोळे मिटून घोरायला लागला. मी धुमसायला लागले. ओरडणार कशी? मला तोंड कुठे आहे? शेवटी समोरच्या बाईंनी तांब्यातलं पाणी ओतलं म्हणून वाचले. पण तळहाताएवढा काळा डाग पडला, तो अजून आहे.

पुढे ते डबे मोडीत निघाले. कुर्डुवाडीच्या ज्ञानबा सुतारांनी आम्हा बाकांना लिलावात घेतलं आणि माझी मांडणी केली. ज्ञानबांना खिळ्यांचा राग होता. खाच पाडायची, फळी सरकवायची आणि बाहेरून लाकडी पाचर ठोकायची, ही त्यांची पद्धत. डागाची फळी त्यांनी खालून चौथी बसवली. तिची पाचर मात्र जरा ढिली राहिली. मला न्यायला आलेल्या तरुण दुकानदाराला त्यांनी ते लपवलं नाही. "मालक, उन्हाळ्यात लाकूड आटलं की ही पाचर सैल व्हती बगा. अधनंमधनं ठोकत जावा," असं ते म्हणाले.

तो दुकानदार म्हणजे रुद्रप्पा. आता सगळी पेठ त्यांना अप्पा म्हणते. मला दुकानात उभं केलं त्या दिवशी त्यांनी माझ्या खांबावर विभूतीची तीन बोटं ओढली, आणि देवासमोर कापूर लावला. ती इवलीशी ज्योत बघूनसुद्धा मी थरथरले. अप्पा मात्र माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तू आमच्या घरची की गं." त्या दिवसापासून मी त्यांची झाले. दर उन्हाळ्यात हातोडीच्या दांड्यानं ते माझी चौथी पाचर ठोकायचे, आणि मी लाजेनं चूर व्हायचे. इतक्या सरळ माणसाच्या दुकानात आपणच तेवढ्या ढिल्या, असं वाटायचं मला.

चांगले दिवस होते ते. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या आधी तर माझ्यावर बोट ठेवायला जागा नसायची. खेड्यापाड्यांतून माणसं लग्नाच्या चादरी घ्यायला यायची. अप्पा माझ्यावरून एक घडी उचलायचे, दोन्ही हातांनी फटकन झटकायचे आणि गादीवर मोर उलगडायचा. मोराची चादर ही अप्पांची लाडकी. "मांडणी कुठली हो? लाकूड लई भारी हाय," असं कुणी विचारलं की मी आतल्या आत फुगायचे. लाकूड फुगतं ते फक्त पावसात, असं समजू नका.

आता अप्पांची एक सवय सांगते. ही सवय नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. एका पावसाळ्यात भिंतीतल्या भोकातून उंदीर आले आणि लग्नासाठी बांधून ठेवलेल्या बारा चादरी त्यांनी कुरतडल्या. बाराही मोरांच्या माना खाल्ल्या मेल्यांनी! अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून दुकानात कुठेही भोक दिसलं की त्यांचा हात आपोआप एका पत्र्याच्या डब्याकडे जातो. चादर विणल्यावर काठाची जादा सुतं कापून टाकतात, त्यांना आम्ही दशा म्हणतो. त्या दशांनी हा डबा भरलेला असतो. मूठभर दशा घ्यायच्या, त्यांत कापराची वडी चुरडायची, गोळा करायचा आणि भोकात कोंबायचा. कापराच्या वासानं उंदीर फिरकत नाहीत, कीड लागत नाही, असं अप्पा म्हणतात. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला भोक बघवतच नाही, मित्रांनो.

दिवस बदलले. मोठ्या रस्त्यावर काचेची दुकानं झाली, पेठेतली गर्दी तिकडे वळली. अप्पांचा मुलगा गुरुशांत रेल्वेत लागला. तो सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला जातो आणि संध्याकाळी परत येतो. माझ्या वरच्या फळ्यांवर धूळ बसायला लागली. गुरुशांत एकदा म्हणाला, "अप्पा, ही काढू या की. पत्र्याची रॅक आणू, हलकी असते." त्या दिवशी भंगारवाल्याची हाक ऐकून मला किती कापरं भरलं, ते मलाच ठाऊक. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून अप्पा रोजच्यासारखे माझ्या पायाशी गादीवर आडवे झाले, आणि झोपण्याआधी त्यांनी माझ्या खणाच्या दारावर दोनदा थोपटलं. मग मला जरा धीर आला.

आणि मग आमच्या घरात सिद्धेश्वरी आली. गुरुशांतची बायको, अक्कलकोटकडची, अप्पांची सून. घर दुकानाच्या वरच आहे, मागच्या जिन्यानं ती सारखी खाली यायची. एक दिवस तिनं फोन समोर उभा केला आणि चादर हातात धरून त्या फोनशी बोलायला लागली. "नमस्कार ताईंनो, ही बघा आमची मोराची चादर!" मला वाटलं पोरीला ऊन लागलं. पण आठवड्याभरात लांबलांबच्या बायका त्या फोनमधून चादरी मागायला लागल्या. माझ्यावरच्या घड्या हलू लागल्या. धूळ झटकली गेली.

फक्त एक अडचण होती. आमच्या दुकानात उजेड कमी. फोनमध्ये माझ्या फळ्या म्हणजे नुसता काळोख दिसायचा. मग सिद्धेश्वरीनं एलईडी दिव्यांच्या पट्ट्या आणल्या आणि प्रत्येक फळीच्या खाली स्वतःच चिकटवल्या. दिवे छान लागले, पण वायरी! काळ्या वायरी माझ्या पोटावरून पाठीवरून वेड्यावाकड्या लोंबत होत्या. फोनमधून एका बाईनं विचारलंच, "ताई, मोर छान आहे, पण मागे ती वायर कसली लोंबतेय?" सिद्धेश्वरीचा चेहरा पडला. तिनं वायरी चादरींच्या मागे कोंबल्या, चिकटपट्टीनं दाबल्या. उन्हाळ्यात पट्टी सुटली आणि वायर पुन्हा बाहेर. आणि मी? कापसाला खेटून वीज वाहतेय, या विचारानं मी रोज अर्धी होत होते.

अप्पा तर सुरुवातीपासून नाराज. "ब्याड, ब्याड," ते कानडीत म्हणायचे, नको नको. "लाकडाला आन् कापडाला वीज लावतात व्हय कुठं?"

"अप्पा, मग नीट माणसाकडून करून घेते," सिद्धेश्वरी म्हणाली. "एकही वायर दिसणार नाही. पटलं नाही तर सगळं काढून टाकीन. माझा शब्द."

अप्पांनी बराच वेळ खांबावर बोटं वाजवली. मग म्हणाले, "बघ बाई. पण हिला काय झालं तर मला सांगू नको." 'हिला' म्हणजे मला. ऐकलंत ना?

मल्लेश नावाचा वायरमन आला. चाळिशीचा, नाकावर चष्मा, बोलणं कमी. विणकराच्या घरातला माणूस, त्यामुळे कापडाला हात लावताना आधी हात पुसायचा. त्यानं सिद्धेश्वरीच्या सगळ्या वायरी काढल्या आणि पहिल्यापासून काम धरलं. फळ्यांच्या पुढच्या कडेखाली ॲल्युमिनियमची बारीक पट्टी बसवून त्यात दिवे घातले, वर दुधी झाकण. खांबाच्या मागच्या बाजूनं पटाशीनं एक सरळ खाच पाडली. पटाशी लागली तेव्हा दुखलं, पण ज्ञानबांची आठवण आली. त्या खाचेत वायरी नीट बसवून वर लाकडी पट्टी लावली. वायर सगळी खालच्या खणात उतरवली, आणि तिथे एक काळी पेटी ठेवली. भिंतीतली वीज या पेटीत मऊ होते आणि मग दिव्यांना जाते. तिला अडॅप्टर म्हणतात. बटणसुद्धा त्यानं खणाच्या आतच बसवलं, कारण सिद्धेश्वरीला बाहेर काहीच दिसायला नको होतं.

शेवटी मल्लेशनं खणाच्या बाजूला गोल भोक पाडलं. लिंबाएवढं. म्हणाला, "वहिनी, ही पेटी चालताना तापते. तिला वारं लागतं. हे भोक बुजवायचं नाही, काय? आत काही ठेवायचंपण नाही. उद्या येऊन यावर जाळी ठोकतो."

"बरं दादा," सिद्धेश्वरी म्हणाली. तेव्हा अप्पा वर जेवायला गेले होते. ती इतकी हरखली होती की बटण दाबून माझ्याकडेच बघत राहिली. खोटं कशाला बोलू, मी दिसत होतेच तशी. सातही फळ्या उजळल्या, आणि वायरीचा एक धागासुद्धा कुठे दिसत नव्हता.

अप्पा खाली आले आणि दारातच थांबले. मग हळूहळू जवळ येऊन त्यांनी मोराच्या चादरीवर हात फिरवला. "सिद्धे," ते म्हणाले, "ह्याच्या गळ्यात हिरवा धागा हाय, हे मी विसरलोच होतो बघ." त्या आनंदात भोकाची गोष्ट अप्पांना सांगायची राहून गेली. सिद्धेश्वरी विसरली. मल्लेशचं 'उद्या' लग्नसराईच्या कामांत बुडालं. जाळी आलीच नाही.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. अप्पा दुपारी माझ्या पायाशी झोपतात. कुशीवर वळले की त्यांचे डोळे बरोबर माझ्या खणासमोर येतात. दोन दिवसांनी ते असेच वळले आणि समोर काय? भोक!

"अरेच्चा," ते उठून बसले. "हितं कुठनं आलं हे?"

मी मनात किंचाळले. नको अप्पा! त्यांनी पत्र्याचा डबा ओढला. मूठभर दशा घेतल्या, कापूर चुरडला, गोळा वळला. बोटानं भोकात ढकलला. मग अजून एक गोळा. तो आत सरकून पेटीला जाऊन टेकला. अप्पांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि झोपले. त्या दिवसापासून माझं जगणं म्हणजे टांगणीवरचं जगणं झालं.

रोज दुपारी एकला सिद्धेश्वरी फोनसमोर चादरी दाखवायची. मग दिवे बंद करायला निघाली की अप्पा म्हणायचे, "राहू दे गं. डोळा लागेस्तोवर बघतो जरा." सुरुवातीला नको नको म्हणणारे अप्पा आता दिव्यांवाचून आडवे होत नव्हते. तेवढा वेळ पेटी तापत राहायची. खणाला वारा नाही. पहिल्या दिवशी माझा पाय कोमट झाला. चौथ्या दिवशी गरम. वैशाख होता, शहर आधीच भट्टीसारखं झालेलं. अप्पा उठून तोंड धुवायला गेले की सिद्धेश्वरी खणाचं दार किलकिलं करून, आत न बघताच बटण दाबायची आणि मी सुटकेचा श्वास टाकायचे. पण दुसऱ्या दिवशी एक वाजायचाच. मी काय करणार होते? करकरले. अप्पा म्हणाले, "ऊन लई हाय, लाकूड बोलायला लागलं." बोलतच होते मी, अप्पा. तुम्हाला कळत नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास खणात धूर कोंडला. ज्वाळा नव्हती. दशांचा गोळा आतून तांबडा झाला होता, गुपचूप. विडीनं मला तसंच जाळलं होतं, म्हणून मला लगेच कळलं. पुढे काय होणार तेही कळलं. गोळ्यातनं खणाचं लाकूड, लाकडातनं पहिली फळी, पहिल्या फळीवरचे टॉवेल. आणि तिथून हातभर अंतरावर अप्पांचं डोकं.

आणि मित्रांनो, सगळ्यांत भयंकर काय होतं सांगू? वास. जळक्या सुताचा वास आला असता तर अप्पा ताडकन उठले असते, आयुष्य गेलंय त्यांचं सुतात. पण आधी कापूर तापला. दुकानभर कापराचा वास दरवळला. झोपेतल्या अप्पांच्या नाकात तो गेला, त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्यांनी झोपेतच हात जोडले. त्यांना वाटलं आरती चाललीय. मी ते जोडलेले हात बघत होते. इतकी मी जन्मात कधी घाबरले नव्हते.

उठा! उठा की हो! माझी रेषा न् रेषा ओरडत होती. खण तापला, खांब तापला, खांबातली उरलीसुरली ओल उडून गेली. आणि या वर्षी दिव्यांच्या नादात अप्पांनी माझी पाचर ठोकली नव्हती. ती चौथ्या फळीची ढिली पाचर, जिची मला जन्मभर लाज वाटली, ती हलली. जरा बाहेर आली. मी तिला धरून ठेवली नाही. एवढंच मी केलं. खरं सांगायचं तर मी केलं की आपोआप झालं, हे आजही मला ठाऊक नाही.

पाचर टपकन पडली. फळी कलली आणि अठरा मोराच्या चादरी धपाधप अप्पांच्या पायांवर कोसळल्या.

"कोण हाय रे!" अप्पा ओरडून उठले. समोर माझ्या खणाच्या फटीतून धूर येत होता. मग त्यांनी बटण शोधायला दोन्ही हात माझ्या अंगावरून फिरवले. या खांबावर, त्या खांबावर, फळ्यांखाली. बटण कुठे होतं? आत, धुरात, सगळ्यांपासून लपवलेलं. "सिद्धे! अगं सिद्धे!" ते ओरडले आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या घागरीकडे धावले.

सिद्धेश्वरी जिन्यावरून अनवाणी पळत आली. अप्पांच्या हातात घागर बघून ती किंचाळली, "अप्पा, पाणी नको! आधी मेन!" दाराजवळच्या बोर्डावरचा मेन स्विच तिनं खटकन खाली ओढला. सगळं दुकान अंधारलं. मग अप्पांनी खणाचं दार उघडलं. आत वारा शिरताच गोळा भडकला. अप्पांनी घागर ओतली, चादर भिजवून खणात दाबली, आणि जोवर धूर थांबला नाही तोवर दाबून धरली. त्यांची बोटं भाजली. माझा खण कोळसा झाला होता. पण आग पहिल्या फळीला शिवली नाही.

पेठेतली माणसं जमली. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातले सयाजीराव आले. "मी म्हणलोच होतो, असले लाइटी नकोत. ह्यो मल्लेश कामाचा माणूसच न्हाय," ते म्हणाले. लगेच दुसऱ्यानं मान हलवली, तिसऱ्यानं अजून एक घर सांगितलं जिथे मल्लेशला बोलावणार नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं गुरुशांत आला. त्यानं अप्पांची बोटं बघितली आणि तो बायकोकडे न बघताच म्हणाला, "काढ ते सगळं. आत्ता. आणि ते व्हिडिओ बास."

सिद्धेश्वरीनं शब्द दिला होता ना. स्टुलावर चढून ती वरच्या फळीखालची पट्टी सोडवायला लागली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या फळीवर पडत होतं.

तेवढ्यात मल्लेश आला. कुणीतरी त्याला दारातच दोन शब्द सुनावले होते. त्यानं खणात हात घातला, पेटी बाहेर काढली, चष्मा पुसला. "जाळी लावायची राहिली माझी," तो हळू म्हणाला. "उंदरानं आत काहीतरी ओढलं असणार. चूक माझी आहे, अप्पा. मला माफ करा." या पेठेत कामं मिळाली नाहीत तर त्याचं कसं चालणार, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

अप्पा गादीवर बसले होते. उजव्या हाताला ओलं फडकं, डावी मूठ घट्ट मिटलेली. त्या मुठीत काय आहे ते फक्त मला ठाऊक होतं. धूर विझल्यावर, सिद्धेश्वरी खिडकी उघडायला गेली तेव्हा, अप्पांनी खणातून काहीतरी उचलून मुठीत लपवलं होतं. तेव्हापासून ती मूठ उघडली नव्हती.

मित्रांनो, मला पुन्हा भीती वाटली, पण ही भीती वेगळी होती. आगीत अप्पा गेले असते, ही दुपारची भीती. आता वाटलं, समोर बसलेले असूनही माझे सरळ अप्पा हरवतात की काय. सत्तरीचा माणूस. सगळी पेठ ज्यांना मान देते ते अप्पा. मूठ नुसती खिशात गेली असती तर कुणालाही कधी कळलं नसतं.

"सिद्धे, खाली उतर," अप्पा म्हणाले.

"उतरते. एवढी पट्टी निघाली की..."

"उतर म्हणतो की." ते उठले. मल्लेशसमोर जाऊन उभे राहिले आणि मूठ उघडली. तळहातावर जळक्या दशांचा काळा गोळा होता. "हे उंदरानं न्हाय कोंबलं, मल्लेश. मी कोंबलंय. वर कापूर घालून. आन् नीट बसलंय का, ते अंगठ्यानं दाबूनपण बघितलंय." मग ते माणसांकडे वळले. "ह्या पोराला कुणी बोल लावायचा न्हाय. आज मी जळलो असतो तर माझ्याच हातानं जळलो असतो."

मल्लेश डोळ्यांवरचा चष्मा काढून उभाच राहिला. "भोक कशासाठी ठेवलंय, ते सांगायला हवं होतं मी तुम्हाला," तो म्हणाला. "मी सांगायला हवं होतं," सिद्धेश्वरी म्हणाली आणि स्टुलावरच रडायला लागली. गुरुशांतनं तिला हात धरून खाली उतरवलं. सयाजीराव मात्र भांड्यांच्या दुकानात काहीतरी राहिलं म्हणून गेले.

दिवे राहिले. वायरी अजूनही माझ्या पाठीच्या खाचेत आहेत, कुणाला दिसत नाहीत. पण पेटी आता लपवलेली नाही. मल्लेशनं ती बाहेर, माझ्या खांबावर उघड्यावर बसवली, कापडापासून हातभर लांब, आणि बटण अप्पांच्या हाताला येईल असं. फोनमध्ये ती काळी पेटी दिसते. कुणी विचारलं तर सिद्धेश्वरी म्हणते, "ती दिसलेलीच बरी, ताई." जळक्या खणाला नवीन लाकूड लागलं. कापूर फक्त देवापाशी असतो. चौथ्या फळीची पाचर अप्पांनी ठोकली, पण अगदी घट्ट नाही. का ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तुमच्या घरातही कपाटांना, मांडण्यांना असे दिवे असतील. वायरी लपवा, काही म्हणणं नाही, आम्हालाही नीटनेटकं आवडतं. पण जे तापतं त्याला कोंडू नका. त्याला कापडानं झाकू नका, त्याचं भोक बुजवू नका. मेन कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्यांनासुद्धा, दाखवून ठेवा. आणि एखादं काम कुणी का करून ठेवलंय ते ठाऊक नसेल, तर हात लावण्याआधी विचारा. लाकडाला तोंड नसतं हो.

मी अजून भितेच. दिवे लागले की दचकते. पण हल्ली एक गोष्ट रोज घडते. दुपारी दिवे बंद करून आडवं होण्याआधी अप्पा पेटीवर आपला भाजलेला हात ठेवतात, मग तोच माझ्या खांबावर ठेवतात आणि विचारतात, "काय गं, तापलीस का?" बेचाळीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी उत्तर देऊ शकत नाही. अप्पा तरी हात काढायची घाई करत नाहीत.